सैपाकघराचं दार रंग धरेना

लग्नानंतर मालकांनी मला स्वतःहून पहिली वस्तू आणून दिली ती म्हणजे हिरव्या रंगाचा डबा. लुगडं नाही, चोळीचा खण नाही, रंगाचा डबा. तोही कोरा नव्हे. ते हिंगोलीच्या ज्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत पारखायला होते, तिथल्या दारंखिडक्यांना लावून उरलेला. झाकण ठोकून ठोकून वाकडं झालेलं आणि बाहेरून ओघळ वाळलेले. दिवाळीला घरी आले तेव्हाच तो सोबत आणला होता, पण दिवाळीभर पिशवीतून काढला नाही. परत निघायच्या दिवशी मोटारीची घाई चाललेली असताना माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "तू म्हनत व्हतीस ना, घर लई काळं हाय म्हून. घे. लाव कुठं लावायचा तो."

मी हे कधी म्हटलं होतं ते मला आठवेना. पण त्यांना आठवत होतं, म्हणजे मी बोललेलं एक तरी वाक्य त्यांच्या कानात गेलं होतं. मी इतकी हरखले की डबा मांडीवर घेऊन बसले, आणि लुगड्याला हिरवा डाग पडला.

आता हे सगळं कळायचं तर मी त्या घरात कोण होते ते सांगायला हवं. मी दुसरेपणावर दिलेली. माझे वडील पोथ्या उतरवून द्यायचे. अक्षर मोत्यासारखं आणि घरात अठरा विश्वे दारिद्र्य. माझं वय वाढत चाललेलं, तेवढ्यात डोंगरकडा गावचं हे स्थळ आलं. नवऱ्याची पहिली बायको तापानं गेलेली, मूलबाळ नाही, सासूसासरे नाहीत, माणूस निर्व्यसनी. वडील म्हणाले, "जाच करायला घरात कोनी न्हाई, बाई." खरंच होतं. घरात जाच करायला कोणी नव्हतं, आणि बोलायलाही कोणी नव्हतं.

जाच करायला घरात नसलं तरी गावात होतं. मालकांची थोरली बहीण गावातच दिलेली. लग्नाच्या दिवशी तिनं माझ्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. आमच्याकडं दुसरेपणाच्या बाईला तो बांधावाच लागतो. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. डोळे म्हणजे दोन टिंबं, तोंड म्हणजे एक रेघ. ती माझी सवत. तिचा मान आधी. नवं लुगडं नेसायचं तर आधी तिला लावायचं, सणाचा पहिला घास तिला दाखवायचा, हळदकुंकू आधी तिला आणि मग मला. मी नऊवारीचा पदर नीट करायचे तेव्हा ती पत्र्याची बाई गळ्याला थंड लागायची.

मला तिचा मत्सर वाटायचा, असं मी सरळच सांगते. मेलेल्या बाईचा मत्सर करू नये म्हणतात, पण म्हणणाऱ्यांच्या गळ्यात टाक नसतो. मालक घुमे होते. हंगामाचे दिवस, म्हणजे दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, हिंगोलीला राहायचे. मधे कधी अमावस्येला एखादी रात्र येऊन जायचे, त्या हंगामात तेही नाही. उरलेलं वर्ष घरी असायचे, पण असून नसल्यासारखे. शेतातून येणार, हातपाय धुणार, जेवणार, ओसरीवर पडणार. मी काही विचारलं तर "व्हय" नाहीतर "न्हाई". मला वाटायचं, पहिलीशी बोलत असतील. सगळं बोलणं तिच्यावर खर्चून टाकलं आणि माझ्या वाट्याला खरकटं ठेवलं. ती कशी होती हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर लोकांनी कौतुक सांगितलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

त्या घरातली प्रत्येक वस्तू तिच्या हाताखालून गेलेली. पाटा तिचा, उखळ तिचं, रांजण तिनं बाजारातून पारखून आणलेला. चुलीचं तोंडसुद्धा तिच्या सवयीनं उजवीकडं वळवलेलं, आणि मी डावरी. म्हणून रंगाचा डबा हातात आला तेव्हा मी ठरवलं, काहीतरी एक असं करायचं की ते माझं दिसेल. पाडव्याला मालक आले की जेवायला बसताना त्यांच्या डोळ्यासमोर ते असेल, आणि त्यांना म्हणावंच लागेल की हे तू केलंस.

माजघरात ते जेवायला बसत, तिथून समोर दिसायचं ते सैपाकघराचं दार. एका फळीचं, सागवानी, आत उघडणारं. दिवसभर ते उघडं, सैपाकघराच्या भिंतीला टेकलेलं असायचं. धूर खाऊन खाऊन काळंमिच्च झालेलं. मला वाटलं, हेच.

मी त्याआधी रंग कधी लावला नव्हता. भिंती सारवल्या होत्या, चुना मारला होता. तसंच हे, असं धरून चालले. घायपात ठेचून कुंचला केला. डब्यातल्या रंगावर दुधासारखी जाड साय धरलेली, ती काढून टाकली, काडीनं ढवळलं आणि सकाळी लागले ती दुपारपर्यंत दार हिरवंगार करून टाकलं. संध्याकाळी दिवा लावून त्याच्यासमोर उभी राहिले. पोपटाच्या पंखासारखं दिसत होतं. त्या दिवशी मी एकटीच जेवले पण चांगली जेवले.

नव्याचे नऊ दिवससुद्धा झाले नाहीत. दोन-चार दिवसांत रंगाला सुरकुत्या पडल्या, आणि मग भाजलेल्या पापडासारखे पोपडे सुटायला लागले. पोपड्यांच्या पाठीला काळं काजळ चिकटलेलं. चूक माझीच, धुराच्या थरावर रंग दिला तर तो लाकडाला कसा धरेल? तो काजळीला धरला आणि काजळीसकट खाली आला. मी सगळा रंग खापरीनं खरवडला, दार राखेनं आणि रिठ्याच्या पाण्यानं घासलं, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत घासलं, चांगलं आठ दिवस वाळू दिलं आणि पुन्हा रंग दिला.

या वेळी रंग बसला. सगळीकडं बसला, एक जागा सोडून.

ती जागा बिजागरीच्या बाजूला, जमिनीपासून फार उंच नाही, भाकरीएवढी गोल. तिथं रंग वाळेचना. बोट लावलं तर बोटाला यायचा. चार दिवसांनी बाकीचं दार खडखडीत आणि ही जागा ओली. मग तिथला रंग आपोआप आकसायचा, बाजूला सरकायचा आणि मधे लाकूड उघडं पडायचं. मी पुसून पुन्हा लावला, तरी तेच. जाड लावला, पातळ लावला, तरी तेच. हिरव्यागार दारावर तेवढाच एक तपकिरी गोल. सबंध दार काळं होतं तेव्हा तो दिसत नव्हता. मी रंग दिला म्हणून तो दिसायला लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमच्या वन्सं, मालकांची ती थोरली बहीण, रोज संध्याकाळी घर तपासायला यायच्या. कुठल्या मडक्यावर झाकण नाही, कुठल्या कोपऱ्यात जळमट आहे. त्यांनी दार पाहिलं, गोल पाहिला आणि डोळे बारीक केले.

"तिला दावला का रंग?"

"कोनाला?"

"कोनाला म्हून इचारून राहिली? गळ्यात काय बांधलंय तुज्या?"

टाकाला मी रंग दाखवला नव्हता. विसरले नव्हते, मुद्दाम दाखवला नव्हता. एवढी एक वस्तू तिच्या आधी माझी असावी असं मला वाटलं होतं.

"घरात नवं काई आलं की मान तिचा. तू आपली खुशाल कुंचला घेऊन बसलीस. मंग कसा धरंल रंग? तिनं धरू दिला तर धरंल ना! सगळं दार तुला दिलं, तेवढी जागा अडवून बसली बघ."

मी वडिलांकडं चार अक्षरं शिकलेली, भुताखेतांना भिणारी नव्हते. पण एकटं घर असलं की शिकलेलं कामी येत नाही. माझ्या अंगावर काटा आला. रंग सगळीकडं धरतो आणि एकाच जागी का धरत नाही, याचं दुसरं काही उत्तर माझ्याकडं नव्हतं.

मग वन्संनी उपाय ठरवला. शुक्रवारी टाकाला न्हाऊ घातलं. वन्संनी स्वतःच्या घरून वाटीभर तेल आणलं, त्यात हळद कालवली आणि दारावरच्या त्या गोलाला चोळून चोळून लावली, सवाष्णीला न्हाण घालताना लावतात तशी. लाकूड तेल पीत होतं आणि त्या म्हणत होत्या, "पी माय, पी. रुसू नको." मग टाक रंगाच्या डब्याला टेकवला, त्याला हिरवा ठिपका लावला आणि मला म्हणाल्या, "लाव आता."

मी लावला. तापल्या तव्यावर पाणी पळावं तसा रंग पळाला.

"रुसवा मोठा हाय," वन्सं म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी तेल जास्ती लावू."

आणि पुढच्या शुक्रवारी जास्त लावलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्याहून जास्त. थंडी सरत आली, बोरं संपली, हरभरा घाट्यावर आला, आणि आमच्या सैपाकघराच्या दारावर तेलाचं न्हाण चाललंच होतं. गोल आता भाकरीएवढा राहिला नव्हता, ताटाएवढा झाला होता. गावातल्या बायका हळदीकुंकवाच्या निमित्तानं येऊन तो बघून जायच्या, तोंडाला पदर लावून. कुणीतरी म्हणालं, पहिली बाई लई जिवाला लावून घेनारी व्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंतपणी तिचं कौतुक, मेल्यावर तिचं कौतुक, आणि मी मात्र रंग लावणारी.

एके दिवशी दुपारी मी खापरी घेऊन तो सगळा चिकटा खरवडत बसले होते. घरात कुणी नव्हतं, नेहमीसारखंच. खरवडता खरवडता मी गळ्यातला टाक हातात धरला आणि तिच्याशी मोठ्यानं भांडले. म्हटलं, "तुझं तुला सगळं दिलं. पहिलं लुगडं तुझं, पहिला घास तुझा, नवराही तुझाच राहिला. एक दार मागते. एक दार द्यायला काय जातं तुझं?" माझाच आवाज मला परका वाटला. कितीतरी दिवसांत मी एवढं लांब बोलले नव्हते, आणि बोलले तेही चांदीच्या पत्र्याशी.

जिद्दीनं पुन्हा एकदा रंग लावला. मग हात भरून आले म्हणून तिथंच खाली बसले, दाराकडं पाठ करून, पाय पसरून. थकलेलं माणूस मान मागं टाकतं तशी मी टाकली. डोकं दाराला टेकलं तेव्हा काही वाटलं नाही. उठायला गेले तर केस ओढले गेले. अंबाड्याच्या वर, मागच्या बाजूला, सगळे केस हिरवे आणि चिकट. माझं डोकं नेमकं त्याच जागी टेकलं होतं.

त्याच वेळी शेजारची खाला विस्तव मागायला मागच्या दारानं आली. खाला म्हणजे गावची मनियारीण; बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांना जाऊन बायकांना बांगड्या भरायची आणि घरी लाखेच्या बांगड्या वळायची. पाच-दहा वर्षांत किती हातांची मापं तिला तोंडपाठ झाली होती. पुढं निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत तिला तिचा लेक घेऊन गेला आणि ती परत आली नाही; तिच्या घराचं कुलूप मी कितीतरी वर्षं बघत होते. पण त्या दुपारी ती दारात उभी राहिली आणि पोट धरून हसली.

"या अल्ला! डोस्क्याला काय चोपडून घेतलंस वो माय? राघू झालीस की!"

मीही हसले. मग रडले. तिनं शिधापत्रिकेवरच्या घासलेटात चिंधी बुडवून माझे केस पुसायला घेतले. जर्मनीच्या लढाईचे दिवस होते, घासलेट थेंबा-थेंबानं वापरायचं. तिनं स्वतःच्या घरून आणलं. पुसता पुसता मी तिला सगळं सांगितलं, रुसवा, शुक्रवार, तेल. तिनं मान वळवून दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मी बसले होते त्या जागेकडं. तिचा हात थांबला.

"हितंच बसायची ती," खाला म्हणाली.

"कोन?"

"तुजी मोठी. बराबर हितंच. अशीच पाय पसरून, मान मागं टाकून. दुपारच्या भाकरी झाल्या की बसायची ती दिवेलागनीपस्तोर. मी कवाबी येऊ, हितंच. डोस्कं दुखायचं तिचं, एरंडेल थापायची. रोज."

"काय करायची बसून?"

"काय करनार? बसायची."

"आन मालक?"

खालानं मला नीट पाहिलं. "मालक हिंगोलीला. आन हितं असले तरी काय? तुला ठाव न्हाई का?"

मला ठाऊक होतं.

"मला म्हनायची, खाला, जराशी टेक ना. मी म्हनायची, माय, मला बाजार गाठायचाय." एवढं बोलून खाला उठली, आणि विस्तव न घेताच गेली.

ती गेल्यावर मी पुन्हा तिथं बसले. या वेळी डोकं टेकवलं नाही, नुसती बसले, आणि तिथून काय दिसतं ते पाहिलं. मागचं दार, त्यापलीकडं परसाची मातीची भिंत, भिंतीवर वाळत घातलेल्या गोवऱ्या. दुसरं काहीच नाही. वाट दिसत नाही, माणूस दिसत नाही. म्हणजे ती कुणाची वाटसुद्धा बघत नव्हती. सागाच्या फळीत एवढा डाग मुरायला किती दुपारी लागल्या असतील, ते मला मोजवेना. आठ वर्षं नांदली होती ती त्या घरात.

मला भीती वाटली, पण ती तिच्या भुताची नव्हे. माझं डोकं न शोधता, न पाहता, नेमकं त्याच जागी गेलं होतं, याची भीती वाटली. आणि मग लाज वाटली आणि मग हसू आलं, कारण दाराचं कोडंही सुटलं होतं. एरंडेल काही केल्या वाळत नाही. गाडीच्या आसाला ते घालतात ते त्यासाठीच. रंग बिचारा काय करणार? आणि आम्ही दोघी शहाण्या दर शुक्रवारी त्यावर आणखी तेल पाजत होतो. आगीवर घासलेट ओतायचं आणि विझत का नाही म्हणून विचारायचं, त्यातली गत.

काय करायचं ते आता उघड होतं. तेल काढायचं, आणि जे निघणार नाही ते आत कोंडायचं. शालूवर तेल सांडलं की माझी आई पांढऱ्या मातीचा लेप द्यायची. मी त्या गोलावर पांढरी माती कालवून जाड थापली. वाळली की माती पिवळी पडायची, तेल शोषून. ती काढायची, नवी थापायची. असं माती पांढरीच्या पांढरी निघेपर्यंत केलं. मग राखेच्या निवळीनं घासलं. तरी बोट फिरवलं तर जरासा तुकतुकीतपणा लागायचाच. इतक्या वर्षांचं तेल ते, मातीनं कितीसं निघणार?

तेव्हा मला वडिलांची शाई आठवली. पोथीची शाई पाण्यानं फुटू नये म्हणून ते लाख कुटून पाण्यात टाकायचे, त्यात टाकणखार घालायचे आणि मंद आचेवर उकळायचे. लाख एरवी पाण्यात विरघळत नाही, टाकणखार घातला की विरघळते, आणि एकदा वाळली की तिच्यातून काही आरपार जात नाही. लाख खालाकडं होती. टाकणखार तिनं सोनाराकडून आणून दिला. मी ते उकळलं, गाळलं, आणि त्या गोलावर एक हात दिला, वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. लाकडावर नखासारखं चकचकीत कवच आलं. ते खापरीनं हलकेच खरबरीत केलं, म्हणजे रंगाला धरायला जागा राहील.

हे काम करताना मी तिच्याशी बोलत होते. आता भांडण नव्हतं. तिला विचारायचे, डोकं कुठल्या बाजूला दुखायचं, माहेर कुठलं, चुलीचं तोंड उजवीकडं का वळवलंस. उत्तर येणार नव्हतं, पण त्या घरात माझ्या प्रश्नाला उत्तर न मिळण्याची मला सवय होतीच. टाक गळ्याला लागला की आता थंड वाटायचा नाही. मला ती आवडायला लागली होती. गावात एक बाई होती जिच्याशी माझं जमलं असतं, आणि ती मी यायच्या आधी मेली होती.

डब्याच्या तळाशी राहिलेला रंग मी सबंध दारावर एकसारखा दिला. बसला. चार दिवस झाले, आठ दिवस झाले, होळी झाली, सुरकुती नाही की पोपडा नाही. वन्संनी येऊन बोटानं ठोकून पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "निवली बाई एकदाची. तेलानं गुन दिला." मी म्हटलं, "व्हय वन्सं." त्यांना कशाला दुखवा? त्यांच्या परीनं त्यांनी भावजयीला न्हाऊच घातलं होतं.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मालक आले. पाडव्याला गुढी उभारली, कडुनिंबाचा पाला खाल्ला, पुरणपोळीचा पहिला घास मी टाकाला दाखवला, आणि ते माजघरात पाटावर बसले. समोर दार. बाहेरचं ऊन आत आलं होतं, हिरवा रंग नुसता चमकत होता. मी वाढत होते आणि त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी पोळी मोडली, तूप मागितलं, आमटी ओरपली.

शेवटी मीच म्हटलं, "दाराला रंग दिला."

"व्हय. दिसला."

तेवढंच. चार-पाच महिने मी ज्या शब्दासाठी थांबले होते तो एवढाच होता. पण मला त्याचं आता फार वाईट वाटलं नाही, कारण मला दुसरंच काही विचारायचं होतं. मी टाक मुठीत धरला आणि म्हटलं, "मोठी त्या दारालाच टेकून बसायची म्हने. रोजच्याला."

त्यांचा घास हातात राहिला. त्यांनी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कुठं?" ते म्हणाले.

त्यांना खरंच माहीत नव्हतं. माणूस वाईट नव्हता, खोटारडा तर मुळीच नव्हता. त्यांनी बायकोवर कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. पण आठ वर्षं ती त्यांच्या घरात रोज कुठं बसत होती, हे त्यांना विचारावं लागत होतं. मला वाटत होतं की सगळं बोलणं तिच्या ताटात पडलं आणि मला खरकटं आलं. त्या ताटात कधी काही वाढलंच नव्हतं.

"हितं," म्हणत मी उठले. सैपाकघरात जाऊन दाराच्या फळीवर हात ठेवला, दाखवायला. आणि मला जागा सापडेना. बिजागरीच्या बाजूला, जमिनीपासून एवढ्या उंचीवर. मी वाकले, हात वर नेला, खाली आणला, डोळे जवळ नेऊन पाहिलं. सगळीकडं सारखा हिरवा रंग, हाताला काचेसारखा गुळगुळीत. त्या बाईचं या जगात जे एवढं एक उरलं होतं ते मी मातीनं शोषून, लाखेनं कोंडून, वरून रंगवून टाकलं होतं, आणि इतकं नीट की मलाही ते परत काढता येणार नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यासाठी त्या घरात कुणी रडलं असेल तर ती मीच, आणि पहिल्यांदाच.

"रंग मात्र झकास धरलाय," माजघरातून मालक म्हणाले. "पोळी हाय का अजून?"

मी पोळी नेऊन वाढली. एरवी वाढून झालं की मी आत जायचे. नवरा जेवत असताना बायकोनं समोर बसायची आमच्याकडं रीत नव्हती. त्या दिवशी मी आत गेले नाही. त्यांच्या समोर, जमिनीवर, मांडी घालून बसले. त्यांनी चमकून वर पाहिलं.

"काय झालं?"

"काई न्हाई," मी म्हटलं. "तुमी जेवा. मी बोलते."

आणि मी बोलायला लागले. आधी तिचं डोकं दुखायचं ते सांगितलं, मग माझं.